पंचांचा न्याय कोठवर मानावा?

न्याय दूर असला, महाग असला आणि त्याची भाषा आपणांस कळत नसली, म्हणजे मनुष्य जवळच्या न्यायाकडे वळतो. हा मनुष्यस्वभाव आहे व त्यांत गैर असें कांहीं नाहीं. आज आपल्या देशांतील सर्व दर्जांच्या न्यायालयांत तुंबलेल्या खटल्यांची संख्या पांच कोटींच्या घरांत गेली आहे. बापानें लावलेल्या दाव्याचा निकाल मुलाच्या हातीं पडावा, हा अनुभव पेठेंतील व्यापाऱ्यांस नवा नाहीं. अशा स्थितींत 'आपले जुने पंच काय वाईट होते?' असें लोक विचारूं लागले तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. परंतु प्रश्न विचारणें निराळें आणि त्याचें घाईनें उत्तर देऊन मोकळें होणें निराळें.

ह्या प्रश्नाचीं सांप्रत दोन उत्तरें ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, कोर्टकचेऱ्या ही परक्यांची देणगी. आपल्या मातींतला न्याय पंचांचा. तेव्हां गांवचे, जातीचे व जमातीचे पंच पुन्हां गादीवर बसवावे. दुसरा पक्ष म्हणतो, पंच म्हणजे जुलूम, दंड आणि बहिष्कार. राज्यघटना मिळाल्यावर ह्या जुन्या संस्थांचें नांवहि उरूं नये. आमच्या मतें दोन्ही पक्ष 'पंच' ह्या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न संस्था गोंवतात. उभय पक्षांच्या राजीखुषीनें बसलेले पंच ही एक संस्था. जन्माबरोबर माथीं बसलेले आणि ज्यांच्यापासून सुटका नाहीं असे पंच ही दुसरी. ह्या दोहोंतला भेद ओळखण्याची कसोटी आमच्या मतें फार सोपी आहे. 'तुमचा निवाडा मला मान्य नाहीं' असें पंचांस सांगणारा मनुष्य जर दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत, त्याच पाणवठ्यावर आणि त्याच दुकानांत पूर्वींप्रमाणें वावरूं शकत असेल, तर त्या पंचांचा मान राज्यानें राखावा. असें सांगणाऱ्याचें जर तेथें जिणेंच अशक्य होत असेल, तर तेथें न्याय चाललेला नसून केवळ सत्ता चाललेली आहे, आणि तिला आळा घालणें हें राज्याचें कर्तव्य आहे. ही कसोटी घेऊन आपण प्रथम आपल्या घरचा इतिहास पाहूं.

मराठेशाहींत वतनाचा, वाटणीचा किंवा शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे गोतसभा बसे. तींत पाटील, कुळकर्णी, शेजारगांवचे वतनदार आणि बलुतेदार असत. तंटा मोठा असल्यास देशमुख, देशपांडे व सरकारी अंमलदार मिळून मजालस भरे. पेठेंतील व्यापाऱ्यांच्या कज्जांत शेटे-महाजन लक्ष घालीत. वादीस अग्रवादी आणि प्रतिवादीस पश्चिमवादी म्हणत. दोघांच्याहि तकरिरी लिहून घेत, जामीन घेत, साक्षीपुरावा पाहत, आणि शेवटीं निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या पडत. ज्यास अक्षर येत नसे त्याचीहि साक्ष अशा रीतीनें कागदावर राही. हरलेला पक्ष यजितखत, म्हणजे आपला पराजय कबूल केल्याचा कागद, लिहून देई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारांत जमा होई. गांवच्या पंचांवर परगण्याची सभा आणि तिच्यावर पुण्यांतील न्यायाधीश अशी उतरंड होती. त्या न्यायाधीशांतील रामशास्त्री प्रभुणे ह्यांचें नांव कोणा महाराष्ट्रीयास सांगावयास नको.

ह्या पद्धतींतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. पहिली गोष्ट राजीनामा. आज नोकरी सोडणाऱ्याच्या पत्रास आपण राजीनामा म्हणतों. त्या काळीं पंच नेमतांना 'ह्यांचा निर्णय आम्हांस कबूल' असें पक्षकार जें लिहून देत, त्यास राजीनामा म्हणत. पंचांच्या अधिकाराचा उगम दोन्ही पक्षांनीं राजी होण्यांत होता, हें त्या शब्दावरूनच दिसतें. दुसरी गोष्ट थळ. आपल्या गांवचे पंच पक्षपाती आहेत असें ज्यास वाटे, तो दुसरें थळ, म्हणजे निवाड्यासाठीं दुसरें ठिकाण, मागूं शके. आणि अशीं थळें दिल्याचे दाखले जुन्या कागदपत्रांत आहेत. म्हणजे आंत येण्यास संमति लागे आणि बाहेर जाण्यास वाट असे. जुन्या पंचायतीचा जो कांहीं मोठेपणा होता तो ह्या दोन गोष्टींत होता.

तिच्यांत दोष नव्हते असें मात्र आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पुरावा संपला कीं दिव्य करण्याची पाळी येई. तापलेल्या तेलातुपांतून धातूचा रवा काढणाऱ्याचा हात भाजला कीं नाहीं ह्यावर सत्यासत्य ठरे. पंचांस वेतन नसे, कामास मुदत नसे, आणि एकच कज्जा पिढ्यानुपिढ्या चाले. सभेंत स्त्रियांस स्थान नसे. जो महार महजरावर आपली निशाणी करी त्यास त्याच गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नसे. तेव्हां जुना काळ सोन्याचा होता असें म्हणणाऱ्यांनीं तो कोणासाठीं सोन्याचा होता हें सांगण्याची कृपा करावी.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालीं पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत हे दोष त्यांनीं मोकळेपणानें सांगितले. तरीहि पंचायत मोडूं नये, तिच्यांतील अपप्रकार तेवढे काढावे, असेंच त्यांचें मत पडलें. परंतु झालें उलट. इंग्रजी अदालती जशा वाढल्या तशा पंचायती ओस पडत गेल्या, कारण पंचांच्या पाठीशीं जो सरकारी हुकूम उभा असे तो आतां दुसऱ्या घरीं राहावयास गेला. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यांनीं जमीन, कर्ज आणि करार हे सर्व विषय अदालतींकडे आले. रूढीस त्या कायद्यांत मान होता. लिखित कायदा नसेल तेथें देशरिवाज पाहावा, असें त्यांत सांगितलें होतें. परंतु पंचांस मान राहिला नाहीं.

आणि ह्याच १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनांत एक कलम असें घातलें गेलें कीं, त्याचे परिणाम आपण जवळजवळ दोन शतकें भोगीत आलों आहों. जातीच्या प्रश्नांत दिवाणी अदालतींनीं हात घालूं नये. जातीवरून किंवा अब्रूवरून कोणाची बेकायदेशीर हानि झाली असल्यास तिच्या भरपाईचा दावा तेवढा चालावा, असा त्याचा आशय. परक्या सरकारास लोकांच्या धर्माचारांत पडावयाचें नव्हतें, हा हेतु समजण्यासारखा आहे. पण फळ काय झालें? पंचांकडे जो भाग चांगला होता, म्हणजे संमतीनें बसून शेताचा बांध आणि देण्याघेण्याचा हिशेब मिटविणें, तो सरकारनें काढून घेतला. जो भाग भयंकर होता, म्हणजे लग्न, पंगत, स्मशान आणि अब्रू ह्यांवरची सत्ता, तो जातीच्या पंचांकडे राहूं दिला. आणि त्या सत्तेवर पूर्वीं राजाची जी थोडीबहुत देखरेख असे तीहि उठली. पंचायतीचें जें रूप आज वर्तमानपत्रांत दिसतें व ज्यामुळें सुशिक्षितांस त्या शब्दाचीच शिसारी येते, तें ह्या वांटणींतून पोसलें गेलें आहे.

जातीची ही सत्ता केवळ अडाण्यांवर चाले असें कोणी समजूं नये. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून जें ग्रामण्य माजलें, त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ज्यांच्यावर तें आलें त्यांत टिळक होते आणि रानडेहि होते. महादेव गोविंद रानडे त्या वेळीं शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखालीं न्यायदानाचें काम पाहत होते. पुढें १८९३ मध्यें ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. तरी १८९२ मध्यें ह्या चहाच्या पेल्यासाठीं त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. सरकारच्या न्यायासनावर बसणाऱ्यालाहि जेथें जातीच्या न्यायासनापुढें वांकावें लागलें, तेथें एखाद्या गरीब विधवेनें किंवा मजुरानें काय करावें?

त्याच रानड्यांच्या पिढीनें पंचांच्या चांगल्या भागाचा जीर्णोद्धार करण्याचाहि यत्न केला, हें विसरतां कामा नये. गणेश वासुदेव जोशी आणि सार्वजनिक सभा ह्यांनीं १८७० नंतरच्या दशकांत लवाद कोर्टें काढलीं. लोकांनीं आपखुषीनें यावें, विश्वासू माणसांपुढें आपला कज्जा मांडावा आणि वकिलांच्या खर्चावांचून घरीं जावें, ही त्यांची कल्पना. १८७५ मध्यें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाल्यानंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यांत गांवचे मुनसफ नेमण्याची तरतूद होती आणि दावा लावण्यापूर्वीं समेट करणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याची अट होती. ह्या योजना फार काळ टिकल्या नाहींत. तथापि तीं माणसें कोणत्या दिशेनें पाहत होतीं हें त्यावरून स्पष्ट होतें. त्यांनीं जातीचे पंच मागितले नाहींत. त्यांनीं संमतीचे पंच मागितले.

स्वातंत्र्यानंतर हा वाद घटनासमितींत पुन्हां उभा राहिला. १९४८ च्या ४ नोव्हेंबरला घटनेचा मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या थोरवीचें गाणें गाणाऱ्यांस परखड उत्तर दिलें. खेडें म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान ह्यांचें आगर होय, आणि मसुद्यानें गांवास बाजूस ठेवून व्यक्तीस एकक मानलें ह्याचा आपणांस आनंद आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. गांवाबाहेर ज्यांचीं घरें होतीं त्यांच्या अनुभवाचे ते बोल होते. तरीहि घटनेच्या ४० व्या कलमांत ग्रामपंचायतींस स्थान मिळालें. १३ व्या कलमानें मात्र हें पक्कें ठरविलें कीं, कायद्याचें बळ असलेली रूढि मूलभूत हक्कांस विरोधी असेल तर ती त्या विरोधापुरती रद्द होय. आमच्या मतें राज्य आणि पंच ह्यांच्या संबंधाची खरी पायाभरणी ह्याच कलमांत आहे.

परंतु पाया घातला म्हणजे भिंती आपोआप उभ्या राहत नाहींत. मुंबई सरकारनें १९४९ मध्यें बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर चार विरुद्ध एक अशा बहुमतानें तो रद्द ठरविला. समाजाच्या धर्मस्वातंत्र्यांत बहिष्काराचा अधिकार येतो, असें बहुमतानें मानलें. सरन्यायाधीश सिन्हा ह्यांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. हा निर्णय बरोबर होता कीं नाहीं, ह्याचा विचार नऊ न्यायाधीशांनीं करावा, असें २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ठरविलें. मध्यंतरीं महाराष्ट्रानें दुसऱ्या वाटेनें पाऊल टाकलें. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं स्थापिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालविली. २०१६ मध्यें विधिमंडळानें सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा एकमुखानें संमत केला, आणि तो २०१७ च्या जुलैपासून अमलांत आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. एखाद्या राज्यानें जातपंचायतीच्या ह्या हत्याराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे.

येथवर आम्ही जातीच्या पंचांविषयीं लिहिलें. आतां ज्यांचा प्रश्न ह्याहून निराळा आहे त्या आदिवासी बांधवांकडे वळूं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें महाराष्ट्रांत त्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. गडचिरोलीच्या जंगलांतील माडिया किंवा गोंड मनुष्यास तालुक्याचें कोर्ट ही केवळ लांबची जागा नाहीं. तेथली भाषा त्याची नव्हे, तेथला कागद त्यानें लिहिलेला नव्हे, आणि ज्या जंगलांत त्याच्या पिढ्या गेल्या तेथें सरपण तोडल्याबद्दल त्यास प्रथम गुन्हेगार ठरविलें तें ह्याच कचेऱ्यांनीं. त्याच्या गांवचे वडीलधारे एकत्र बसून जो निकाल देतात तो त्याला कळतो, आणि बहुधा तो भांडणाऱ्यांस पुन्हां एका बांधावर काम करण्याजोगे ठेवतो. हें ओळखून संसदेनें १९९६ मध्यें अनुसूचित क्षेत्रांसाठीं पंचायतींचा जो कायदा केला, ज्यास 'पेसा' म्हणतात, त्यांत रूढि, परंपरा आणि तंटे मिटविण्याच्या पारंपरिक पद्धति जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असें स्पष्ट लिहिलें. महाराष्ट्रानें त्याचे नियम २०१४ मध्यें केले.

ह्या कायद्यांत 'पंच' असें न म्हणतां 'ग्रामसभा' असें म्हटलें आहे, ह्याकडे आम्ही लक्ष वेधितों. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवाचें उदाहरण प्रसिद्धच आहे. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. एकाचा जरी विरोध असला तरी बोलणें पुढें चालतें. त्या सभेंत पुरुषांबरोबर स्त्रियाहि बसतात. ह्याच रीतीनें त्या गांवानें आपल्या सुमारें १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ मध्यें मिळविला, आणि २०११ मध्यें आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार हातीं घेतला. चार म्हाताऱ्यांनीं ठरवावें आणि बाकीच्यांनीं निमूट ऐकावें, ह्या चालीपेक्षां ही चाल किती निराळी आहे! परंपरा जुनी असून तिचें आंगण मोठें करतां येतें, ह्याचें हें घरचें प्रमाण आहे.

परंतु आदिवासींची म्हणून प्रत्येक रूढि आपोआप पवित्र होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. नागालँडला घटनेच्या ३७१-अ कलमानें फार मोठें स्वातंत्र्य दिलें आहे. नागांच्या रूढीप्रमाणें चालणारें दिवाणी व फौजदारी न्यायदान आणि जमिनीची मालकी ह्यांविषयींचा संसदेचा कायदा तेथील विधानसभेनें ठराव केल्याखेरीज तेथें लागू होत नाहीं. अशा स्वातंत्र्याचा आम्ही आदरच करतों. पण ह्याच कलमाचा आधार घेऊन, नगरपालिकांत स्त्रियांस ३३ टक्के जागा देणें हें रूढीविरुद्ध आहे, असें जमातींच्या पुढाऱ्यांनीं म्हटलें. २०१७ मध्यें त्यावरून दंगे झाले. अखेर २०२४ च्या जूनमध्यें त्या आरक्षणासह निवडणुका पार पडल्या. रूढि म्हणजे काय हें जर फक्त पुरुषच ठरविणार असतील, तर त्या रूढीस संपूर्ण समाजाची रूढि म्हणणें कठीण आहे. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या वारसाच्या दाव्यांत २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानें हाच मुद्दा निराळ्या शब्दांत मांडला. स्त्रीला वांटा देणारी रूढि सिद्ध करा, असा भार खालच्या न्यायालयांनीं तिच्या वारसांवर टाकला होता. तो चुकीचा ठरवून, स्त्रीला वांटा नाकारणारी रूढि कोणीं सिद्ध केली आहे काय, असें न्यायालयानें पाहिलें, आणि तशी ती नसल्यानें समान वांटा दिला.

ह्या बाबतींत परदेशांनीं काय केलें तेंहि थोडक्यांत पाहणें उपयुक्त होईल. कारण जुन्या जमाती आणि नवें राज्य ह्यांचा संसार केवळ आपल्याच घरीं चाललेला नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशानें १९९१ च्या घटनेंत मूळ रहिवाशांच्या अधिकाऱ्यांस त्यांच्या प्रदेशांत त्यांच्या रीतीप्रमाणें न्यायदान करण्याचा हक्क दिला. घटना व कायदे ह्यांच्याशीं विरोध येऊं नये, एवढीच अट घातली. १९९४ मध्यें तेथील घटना-न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. चोरीच्या आरोपावरून एका जमातीनें आपल्या एका माणसास मुलाबाळांसह हद्दपार केलें होतें. जमातीस आपल्या माणसास शिक्षा करण्याचा, प्रसंगीं बाहेर घालविण्याचाहि अधिकार आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु त्याचें म्हणणें नीट ऐकून घेतलें नव्हतें, अपराध एकाचा असतां शिक्षा साऱ्या कुटुंबास झाली होती, आणि त्यानें घाम गाळून उभें केलेलें सर्व मोबदल्यावांचून गेलें होतें. ह्या तीन कारणांस्तव तो निवाडा न्यायालयानें उचलून धरला नाहीं. आमच्याकडील कितीएक जातपंचायतींचे निवाडे ह्या तिहेरी चाळणींतून खालीं पडतील, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

न्यूझीलंडमध्यें १९८९ च्या कायद्यानें अल्पवयी अपराध्यांसाठीं कुटुंबसभेची रीत घातली. अपराध करणारा मुलगा, त्याचे नातलग, ज्याचें नुकसान झालें तो आणि पोलिस असे एकत्र बसून भरपाई व सुधारणा ठरवितात. माओरी लोकांच्या चालीचा ह्या रीतीवर मोठा ठसा आहे. २००८ पासून तेथें कांहीं तरुणांची प्रकरणें माओरींच्या सभागृहांत, वडीलधाऱ्यांच्या समक्ष चालतात. परंतु न्यायाधीश राज्याचाच असतो व कायदाहि सर्वांना असतो तोच. म्हणजे राज्यानें आपला कायदा हातचा सोडला नाहीं. जमातीची बसण्याची, बोलण्याची आणि जोडण्याची रीत तेवढी आपल्याशी केली.

आमच्या देशांतील न्यायालयांचें धोरणहि हळूहळू ह्याच वाटेनें येत आहे. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, दार-उल-कजांनीं मत द्यावें, समेट करावा, परंतु त्यांचा निर्णय कोणावर बंधनकारक नाहीं; मानणें न मानणें ज्याच्या त्याच्या खुषीचें आहे. २०१८ मध्यें तेंच न्यायालय म्हणालें कीं, सज्ञान स्त्री-पुरुषांनीं आपल्या मर्जीनें केलेल्या विवाहांत खाप पंचायतींस पडण्याचा कांहींएक अधिकार नाहीं. २०२३ मध्यें संसदेनें संमत केलेल्या मध्यस्थीच्या कायद्यांत शेजारपाजाऱ्यांच्या तंट्यांसाठीं सामुदायिक मध्यस्थीची योजना आहे. ती उभय पक्षांच्या संमतीनें व्हावयाची, आणि तिच्या समेटास कोर्टाच्या हुकुमनाम्याचें बळ नाहीं. हें बळ नाहीं म्हणून कित्येक जण नाक मुरडतात. आम्हांस त्यांतच त्या योजनेचें शहाणपण दिसतें. कारण जो समेट मनापासून झाला आहे त्यास बेलिफाची गरज बहुधा लागत नाहीं.

आतां कामाचें बोलूं. महाराष्ट्रांत २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली आणि गांवोगांवीं समित्या बसल्या. अशा समित्या आणि ग्रामसभा ह्यांच्या हातून खरें न्यायाचें काम व्हावें अशी इच्छा असेल, तर कांहीं नियम काटेकोरपणें पाळले गेले पाहिजेत. पहिला नियम हा कीं, जुन्या अर्थाचा राजीनामा पुन्हां आणावा. उभय पक्षांची लेखी संमति, ती ज्या भाषेंत त्यांस कळते त्या भाषेंत वाचून दाखवून, घेतल्याखेरीज कोणताहि तंटा हातीं घेऊं नये. दुसरा हा कीं, थळहि पुन्हां आणावें. समेट पटला नाहीं तर कोर्टाची वाट मोकळी आहे, हें प्रारंभींच सांगावें. तिसरा हा कीं, बलात्कार, मारहाण, स्त्रीचा छळ, अस्पृश्यतेचा अपराध ह्या गोष्टी गांवच्या पारावर कधींहि मिटवूं नयेत. बक्षिसासाठीं तंट्यांची संख्या कमी दाखवावयाची आणि त्यापायीं पीडित स्त्रीस 'गांवचें नांव राख' म्हणून गप्प बसवावयाचें, ह्यासारखें दुसरें पाप नाहीं. चौथा हा कीं, पंचांत स्त्रिया असाव्या, आणि ज्या घराचा कज्जा आहे त्याच्या वस्तीचाहि मनुष्य असावा. पांचवा हा कीं, निर्णय लिहून त्याची प्रत दोन्ही पक्षांस द्यावी. ज्या पंचांस आपला निर्णय कागदावर लिहिण्याची लाज वाटते त्यांनीं तो देऊंच नये. आणि ह्या सर्वांबरोबर सरकारनें आपलें घरहि झाडावें. ग्रामन्यायालयांचा कायदा २००८ मध्यें झाला व २००९ च्या गांधी जयंतीपासून लागू झाला. तीं न्यायालयें नांवापुरतीं न राहतां खेड्यापर्यंत पोंचलीं, तर जबरदस्तीच्या पंचांकडे जाण्याचें कारणच पुष्कळ कमी होईल.

कोणी म्हणेल, बहिष्काराचें हत्यार काढून घेतल्यावर पंचांचें ऐकणार कोण? आम्ही विचारतों, पेठेंतील लवादाचें कोण ऐकतो? दोन व्यापारी जेव्हां तिसऱ्या अनुभवी माणसास मध्यस्थ करतात, तेव्हां त्याच्याजवळ ना तुरुंग असतो ना बहिष्कार. त्याचा शब्द चालतो तो त्याच्या सचोटीवर आणि उभयतांच्या हिताच्या जाणिवेवर. लवाद रुचला नाहीं तर त्याच्याविरुद्ध जाण्याच्या कायदेशीर वाटा आहेत हें दोघांनाहि ठाऊक असतें, आणि तरीहि लवाद चालतो. व्यापाऱ्यास जो न्याय पुरतो तो शेतकऱ्यास, मजुरास किंवा माहेरीं परत आलेल्या लेकीस का पुरूं नये? ज्या पंचांचें सारें वजन धाकावर आहे, त्यांचें वजन गेलें तर समाजाचें कांहीं बिघडणार नाहीं.

शेवटीं आमच्या वाचकांपैकीं जे दुकानदार व व्यापारी आहेत त्यांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्हांस प्राप्त आहे. बहिष्कार पंच बोलतात, परंतु तो प्रत्यक्षांत आणतात दुसरेच. किराणा देणारा तेल-मीठ नाकारतो, गिरणीवाला दळण परत पाठवितो, वाजंत्रीवाला सुपारी फिरवितो, भाड्यानें खोली देणारा कुलूप लावतो. तेव्हां कोठें पंचांच्या तोंडच्या शब्दाला दांत फुटतात. अशा रीतीनें सेवा किंवा व्यवहार नाकारणें हा २०१६ च्या कायद्याप्रमाणें अपराध आहे. पण कायद्याच्या भीतीनें नव्हे, तर आपल्या धंद्याच्या ब्रीदासाठीं तो करूं नये, असें आम्हांस म्हणावयाचें आहे. वाळींत टाकलेल्या घराचा मुलगा उद्यां पैसे घेऊन दुकानाच्या पायरीशीं आला, तर त्यास इतर गिऱ्हाइकांप्रमाणें माल तोलून द्यावा. दहा दुकानांनीं एवढें केलें तर त्या गांवांत बहिष्कार एक आठवडाहि टिकणार नाहीं, आणि मग जे पंच उरतील ते लोकांनीं आपखुषीनें निवडलेलेच असतील.